सरकारी दवाखान्यात योजनेचे क्लेम का अडकतात, आणि सुरुवात कुठून करायची

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे पुढचं सगळं त्या संदर्भात वाचता येईल. शंभर खाटांचं उपजिल्हा रुग्णालय, तुम्ही तिथे मेडिकल ऑफिसर, ओपीडी आणि इमर्जन्सी ड्युट्या चालू असतानाच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा (राज्य सरकारची कॅशलेस उपचारांची योजना) चार्ज तुमच्याकडे आलाय. वॉर्ड भरलेले असतात पण क्लेम, म्हणजे उपचाराच्या पैशांची योजनेकडे मागणी, अगदी थोड्या पेशंटचे जातात, गेलेल्यातले निम्मे क्वेरीत (तपासणाऱ्याने काढलेल्या शंकेत) अडकतात नाहीतर रिजेक्ट होतात, आणि अधीक्षक दर मीटिंगला आकडा विचारतात. आणखी एक डेटा एंट्री ऑपरेटर मागावा का बाहेरच्या एजन्सीला काम द्यावं असं तुम्ही विचारलंय. शिवाय स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी असलेला एखादा पेशंट कागद मागायला आला तर त्याला काय द्यायचं, हेही विचारलंय.

मी बरीच वर्षं सरकारी रुग्णालयांत हेच काम करतोय, आधी तुमच्यासारख्या ठिकाणी आणि मग जिल्हा रुग्णालयात मेडिकल कोऑर्डिनेटर म्हणून. माझं मत आधीच सांगून टाकतो, ऑपरेटर वाढवून फार काही बदलणार नाही. ऑपरेटर त्याच्याकडे आलेले कागद स्कॅन करतो आणि चढवतो, जे कागद वॉर्डात झालेच नाहीत ते तो कुठून आणणार? क्लेम पास होणार का नाही हे बहुतेक वेळा पेशंट भरती झाल्यावर पहिल्या चोवीस तासांतच ठरून गेलेलं असतं, कॅज्युअल्टीत, वॉर्डात आणि ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरात. कॉम्प्युटरच्या खोलीत फक्त त्याचा निकाल दिसतो. एजन्सीचंही तेच, त्यांची माणसं कागद गोळा करतील पण तुमच्या सर्जनने लिहिलेल्या ऑपरेशन नोट्स त्यांना बदलता येत नाहीत, आणि बदलूही नयेत.

आता खरी अडचण काय आहे ते बघा. खासगी हॉस्पिटलात पैसे कोण देणार हे ठरल्याशिवाय पेशंट पुढे सरकतच नाही, त्यामुळे रिसेप्शनपासून सगळे जण कागदाच्या मागे असतात. आपल्याकडे उलटं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत झालं, आणि ते चांगलंच झालं. पण त्यामुळे योजनेत नोंद झाली काय आणि नाही झाली काय, पेशंटला तिथल्या तिथे काही फरक दिसत नाही, डॉक्टरला दिसत नाही, सिस्टरला तर फक्त एक काम वाढल्यासारखं वाटतं. नातेवाईक विचारतात की सगळं फुकट आहे तर रेशनकार्ड कशाला, आणि वॉर्डातल्या कोणाकडे या प्रश्नाचं नीट उत्तर नसतं. म्हणून सगळ्यात आधी हे उत्तर तयार ठेवा: योजनेचा पैसा दवाखान्याच्या खात्यात येतो, त्यातून प्लेट, स्क्रू, टाक्यांचे धागे, पुरवठ्यात नसलेली औषधं विकत घेता येतात, म्हणजे पुढच्या पेशंटला बाहेरची चिठ्ठी द्यावी लागत नाही. ही गोष्ट स्टाफला पटली की निम्मं काम झालं. नुसता आकडा वाढवा म्हणून सांगितलं तर कोणी हलत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुमच्याकडे ऑर्थोपेडिक सर्जन आणि भूलतज्ज्ञ कायमचे आहेत का ऑन कॉल येतात, कुठल्या स्पेशालिटींना तुमचं रुग्णालय एम्पॅनल, म्हणजे योजनेत मान्यताप्राप्त, आहे, आयसीयू चालू आहे का फक्त बोर्डावर आहे, इम्प्लांटसाठी (शरीरात बसवायच्या प्लेट, नेल वगैरे) ठरलेल्या दराचं रेट कॉन्ट्रॅक्ट झालंय का, रेशनकार्डचं काम करणारं तहसील ऑफिस किती लांब आहे, या सगळ्यावर तुमचा आकडा ठरतो. मेडिकल कॉलेज असेल किंवा महापालिकेचं हॉस्पिटल असेल तर पैशाच्या खात्याचे आणि खर्चाचे नियम वेगळे. त्यामुळे शेजारच्या तालुक्याशी तुलना करून कोणी तुम्हाला बोलत असेल तर आधी दोन्हीकडचे सर्जन मोजा.

नियमांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. स्टाफच्या डोक्यात ही योजना कुठल्या तरी जुन्या वर्षात थांबलेली असते. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ८ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं, १ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर एकत्र झाली. तेव्हा राज्याच्या योजनेत वर्षाला दीड लाखाचं कव्हर होतं आणि पांढरं रेशनकार्ड चालायचं ते फक्त १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, तेही सातबारा असलेल्यांना. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने आणि मग जुलै २०२४ पासूनच्या अंमलबजावणीने हे सगळं बदललं, पिवळं, केशरी, पांढरं सगळी कार्डं आली आणि कव्हर कुटुंबाला वर्षाला ५ लाख झालं. तरीसुद्धा आज कॅज्युअल्टीत पांढरं कार्ड बघून 'तुमचं बसत नाही' म्हणून सांगणारे लोक मी स्वतः बघितलेत. वाईट हेतू नसतो, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. तसंच ७० वर्षांवरच्या ज्येष्ठांचं, ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, हे किती वॉर्डांत माहीत आहे ते विचारून बघा. उपचारांची यादीही बदलत राहते, २०२४ मध्ये १३५६ उपचार होते, त्यानंतर ती आणखी वाढवली गेलीय, त्यामुळे योजनेच्या पोर्टलवरची चालू यादी काढून त्यातले तुमच्या दवाखान्यात खरोखर होणारे उपचार वेगळे करा. शंभर खाटांच्या ठिकाणी ती यादी दोन-तीन पानांत मावते. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्यांच्यावर वेगळी खूण करा, कारण ते पेशंट तुमच्याशिवाय दुसरीकडे योजनेत जाऊच शकत नाहीत. ही दोन-तीन पानं कॅज्युअल्टीत, ओपीडीत आणि प्रत्येक वॉर्डात सिस्टरच्या टेबलावर काचेखाली ठेवा.

आता भरतीच्या वेळचं बोलू. सगळ्यात जास्त पेशंट इथेच सुटतात. आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात योजनेच्या मदतीसाठी नेमलेला माणूस, दिवसा बसतो, पेशंट रात्री येतो, सकाळपर्यंत नातेवाईकांपैकी कागद असलेला माणूस गावाला निघून गेलेला असतो. त्यामुळे भरतीच्या कागदावरच एक ओळ ठेवा, रेशनकार्ड आहे का, आधार आहे का, मोबाईल नंबर कोणाचा, आणि ही ओळ ड्युटीवरच्या सिस्टरने भरायची. रात्रीची यादी सकाळी आरोग्यमित्राने स्वतः वॉर्डात जाऊन घ्यायची, पेशंटने त्याच्या टेबलापर्यंत येण्याची वाट बघायची नाही, हा एक बदल केला तरी तुमच्या नोंदी वाढतील. इमर्जन्सी असेल तर आधी योजनेला फोनवर इंटिमेशन (सूचना) देऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद ठरलेल्या मुदतीत देता येतात, ही सोय आपल्या लोकांना माहीत असते पण रात्री तीन वाजता ती वापरायची कोणी हे ठरलेलं नसतं. ते नावानिशी ठरवून टाका.

कागदांच्या अडचणी ठरलेल्या असतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव सासरच्या कार्डात चढलेलं नसतं आणि माहेरच्या कार्डातून कमी झालेलं असतं. आधारवर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरं. कार्ड आहे पण ऑनलाइन झालेलं नाही, बारा अंकी नंबरच नाही. नवजात बाळाचं नाव तर कुठेच नसतं, ते आईवडिलांच्या कार्डावर घ्यावं लागतं. यातलं प्रत्येक प्रकरण तुम्ही एकट्याने लढवायचं ठरवलंत तर थकाल. तहसीलच्या पुरवठा शाखेत एक माणूस ओळखीचा करून घ्या, अधीक्षकांच्या सहीचं पत्र द्या की भरती पेशंटची प्रकरणं आधी घ्यावीत, आणि आरोग्यमित्राला सांगा की नातेवाईकाला नुसतं 'तहसीलला जा' म्हणून पाठवायचं नाही, काय मागायचं ते कागदावर लिहून द्यायचं. दवाखान्यात पेशंट असलेल्या माणसाला एका खेपेत काम झालं पाहिजे, तो रोजगार बुडवून आलेला असतो.

प्रीऑथचं, म्हणजे उपचाराला योजनेकडून आधी घ्यायच्या मंजुरीचं बघू. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे पॅकेज, म्हणजे यादीतला ठरलेल्या रकमेचा कुठला उपचार लावायचा ते, ऑपरेटर निवडतो. त्याला निदान वाचून जवळचं वाटेल ते नाव तो टाकतो, आणि मग मागे तपासणारा डॉक्टर विचारतो की या पॅकेजला आवश्यक असलेली तपासणी कुठे आहे. पॅकेज उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच सांगायचं, केसपेपरवर लिहून, सही करून. आणि प्रीऑथ टाकायच्या आधी पुरावा हातात हवा. समोरच्या माणसाने तुमचा पेशंट बघितलेला नाही, त्याच्याकडे फक्त तुम्ही चढवलेली पानं आहेत, आणि त्या पानांवरून त्याला सार्वजनिक पैसा मंजूर करायचाय. त्याच्या खुर्चीत बसून फाईल बघायची सवय लावून घ्या, बऱ्याच क्वेऱ्या येण्याआधीच दिसायला लागतात.

एक उदाहरण नीट सांगतो, मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरचं. पेशंट आला, एक्स-रे झाला, फिल्म नातेवाईकाच्या हातात दिली, तो बाहेर कोणाला तरी दाखवायला घेऊन गेला आणि ती घरीच राहिली. ऑपरेशन झालं, नेल बसवली. इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतात, त्यावर बॅच नंबर, साईज सगळं असतं, ते पाकीट ओटी साफ करताना मावशींनी कचऱ्यात टाकलं, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की ते ठेवायचं असतं. ऑपरेशननंतरचा एक्स-रे काढला पण त्यावर नाव मार्करने घाईत लिहिलंय, तारीख नाही. पेशंट चालत घरी गेला, ऑपरेशन उत्तम झालं, आणि क्लेमला क्वेरी आली: आधीचा एक्स-रे द्या, इम्प्लांटचा स्टिकर आणि बिल द्या, नंतरच्या एक्स-रेवर तारीख दिसत नाही. यातलं एकही काम ऑपरेटर आता करू शकत नाही. आणि यातलं एकही काम त्या वेळी अवघड नव्हतं. एक्स-रे काढल्या काढल्या टेक्निशियनने मशीनवरच नाव, वय, तारीख टाकायची आणि फिल्म नातेवाईकाकडे जाण्याआधी तिचा फोटो निघालेला असला पाहिजे. इम्प्लांटचे स्टिकर ओटीतल्या सिस्टरने ऑपरेशन नोट्सच्या पानावरच चिकटवायचे, टेबलवरचा पेशंट बाहेर जायच्या आधी. ओटीच्या इन्चार्ज सिस्टरशी बसून हे ठरवा, त्यांनी मनावर घेतलं की डॉक्टरही शिस्तीत येतात. मावशींनाही सांगा, त्यांना बाजूला ठेवून ओटीत काहीच टिकत नाही.

मेडिकलच्या केसेसमध्ये वेगळी गोष्ट अडते, ती म्हणजे वेळ. समजा सर्पदंशाचा गंभीर पेशंट आहे आणि तो तुमच्या लागू पॅकेजमध्ये बसतो. त्याला २० मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट (रक्त गोठतंय का ते बघणारी) केली, अँटी स्नेक व्हेनम (एएसव्ही) दिलं, पापण्या जड झाल्या म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवलं, सगळं बरोबर केलं. पण नोट्समध्ये लिहिलंय काय, तर 'एएसव्ही दिले, तब्येत स्थिर'. किती वाजता टेस्ट केली, निकाल काय, किती व्हायल, कुठल्या बॅचच्या, पापण्यांचं लक्षण कधी दिसलं, पुन्हा टेस्ट कधी केली, काहीच नाही. तपासणाऱ्याला या कागदावरून गंभीर पेशंट दिसतच नाही, त्याला एक साधा भरती पेशंट दिसतो. व्हेंटिलेटरच्या केसमध्ये तर चार्ट रोजचा रोज नसेल तर तितक्या दिवसांचे पैसे गेले असंच समजायचं. आणि मला हे नुसतं क्लेमसाठी महत्त्वाचं वाटत नाही. ज्या कागदावर वेळ लिहिलेली असते तो कागद रात्रीच्या ड्युटीवर आलेल्या दुसऱ्या डॉक्टरला उपयोगी पडतो, पेशंट रेफर केला तर पुढच्या दवाखान्याला उपयोगी पडतो, आणि उद्या कोर्टात गेलं तर तुम्हाला वाचवतो. तुमच्या डॉक्टरांना 'क्लेमसाठी लिहा' म्हणाल तर ते कंटाळतील, 'पेशंटसाठी लिहा' म्हणा, क्लेम आपोआप सुधारतो.

मेडिको-लीगल केसमध्ये, म्हणजे अपघात, विषबाधा, भाजलेले पेशंट, पोलिसांना दिलेल्या सूचनेची नक्कल फाईलला लागलेली हवी. पेशंट दगावला तर मृत्यूचा सविस्तर सारांश हवा. या फाईली लोक दुःखात आणि घाईत तशाच सोडून देतात, त्यामुळे त्या तुम्ही स्वतः बघा.

डिस्चार्जच्या वेळी पटकन करायच्या गोष्टी म्हणजे डिस्चार्ज कार्ड, पेशंटचा फोटो, त्याचा अभिप्राय, आणि घरी जायचं एसटीचं भाडं दिल्याची पावती. हो, पॅकेजमध्ये पेशंटला घरी जाण्याचं एकवेळचं एसटी किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासचं भाडं धरलेलं असतं, भरतीत असतानाचं जेवण धरलेलं असतं, तपासण्या, औषधं, इम्प्लांट, आणि उपचारात गुंतागुंत झाली तर तिचा खर्चसुद्धा. हे भाडं कित्येक ठिकाणी दिलंच जात नाही किंवा नुसती सही घेतली जाते. कृपा करून असं होऊ देऊ नका, ते पैसे त्या माणसाचे आहेत, आणि न दिलेल्या पैशाची पावती म्हणजे खोटा कागद.

क्वेरीबद्दल एकच पद्धत सांगतो, ती मला सगळ्यात उपयोगी पडलीय. एक साधं रजिस्टर घाला. प्रत्येक क्वेरी आणि रिजेक्शन त्यात लिहायचं: कुठला वॉर्ड, कुठला उपचार, काय मागितलं, ते मुळात नव्हतं का चढवायचं राहिलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. चढवायचं राहिलं असेल तर ऑपरेटरचा प्रश्न, मुळातच नसेल तर वॉर्डाचा. महिनाभरात तुम्हाला दिसेल की दोन-तीन कारणंच परत परत येतायत, आणि बहुतेक वेळा ती एकाच वॉर्डातून येतायत. मग त्या वॉर्डात जाऊन बोला, सगळ्या दवाखान्याची मीटिंग लावू नका. क्वेरीचं उत्तर वैद्यकीय असेल तर ते डॉक्टरनेच लिहायचं, चार ओळी का होईना, 'ॲज पर नोट्स अटॅच्ड' असं ऑपरेटरने टाकलेलं उत्तर म्हणजे दुसऱ्या क्वेरीला आमंत्रण. मुदती पोर्टलवर दिसतात, रोज सकाळी ओपीडीच्या आधी एकदा तुम्ही किंवा ऑपरेटर बघतोय एवढं पुरे. चुकीचं रिजेक्शन झालंय असं मनापासून वाटत असेल तर अपील करा, जिल्हा समन्वयकांशी बोला, पण फाईल खरोखर भक्कम असेल तरच, नाहीतर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला वजन राहत नाही.

अजून एक जागा जिथे कोणी बघत नाही, ती म्हणजे कपात. क्लेम पास झाला की सगळे खूश होतात, पण मंजूर रक्कम प्रीऑथपेक्षा कमी आलेली असते, आणि बँकेत आलेली त्याहून वेगळी. महिन्यातून एकदा अकाउंटच्या माणसाला घेऊन बसा आणि पोर्टलवरची मंजूर रक्कम, कपात आणि खात्यात आलेली रक्कम प्रत्येक क्लेमसमोर लिहून जुळवा. इम्प्लांट पुरवणाऱ्याची देणीही त्याच बैठकीत बघा, कारण त्याचे पैसे थकले की तो माल बंद करतो आणि मग ऑपरेशनं पुढे ढकलली जातात, आणि पेशंटला कारण कोणीच सांगत नाही. हा पैसा कशावर खर्च करायचा आणि स्टाफला प्रोत्साहन भत्ता किती द्यायचा हे शासन निर्णयाने ठरतं आणि ते वेळोवेळी बदलतं, चालू जीआर काढून स्वतः वाचा आणि त्याची प्रत नोटीस बोर्डावर लावा. भत्ता वाटताना वॉर्डातल्या सिस्टर, एक्स-रे टेक्निशियन, चतुर्थ श्रेणी कर्मचारी यांना नियमात बसतं तेवढं वेळेवर मिळालं पाहिजे. सर्जनचं नाव यादीत पहिलं आणि फाईल पूर्ण करणाऱ्या सिस्टरचं नावच नाही असं झालं की पुढच्या महिन्यात फाईली रिकाम्या यायला लागतात.

आता आकड्याच्या दबावाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात मला तो सगळ्यात जास्त जाणवला. आकडा वाढवा म्हणून सांगणारा माणूस चुकीचा नसतो, न घेतलेला क्लेम म्हणजे दवाखान्याचं खरंच नुकसान आहे. पण दोन गोष्टी करायच्या नाहीत, कोणी सांगितलं तरी. औषधाने बरा होणारा पेशंट मोठ्या पॅकेजात बसवायचा नाही, आणि घरी जाऊ शकणारा पेशंट पॅकेजच्या दिवसांसाठी अडकवून ठेवायचा नाही. यात चौकशी आणि वसुलीची भीती आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते ५ लाख त्या कुटुंबाचे असतात, सगळ्यांना मिळून, वर्षभरासाठी. आपण आज जो क्लेम घेतो तो त्यांच्या शिलकीतून कमी होतो. आपल्याकडे तो उपचार तसाही मोफत झाला असता, पण सहा महिन्यांनी त्याच घरातल्या कोणाला बायपास किंवा कॅन्सरचे उपचार लागले आणि ते योजनेतल्या खासगी हॉस्पिटलात घ्यावे लागले, तर तिथे शिल्लक कमी पडते. म्हणून घरात आधीच मोठा आजार चालू असेल तर मी भरतीच्या वेळीच नातेवाईकांना शिल्लक किती आहे ते दाखवतो आणि अधीक्षकांशी बोलून मगच ठरवतो. प्रत्येक क्लेम घेऊ नका असं मी म्हणत नाहीये, बहुतेक घरांची वर्षाची मर्यादा कधी संपतच नाही, पण ज्यांची संपू शकते ती घरं ओळखता आली पाहिजेत.

आणि बाहेरची चिठ्ठी. प्रीऑथ मंजूर असलेल्या पेशंटला मेडिकलमधून काही आणायला सांगायचं नाही, योजना पूर्ण कॅशलेस आहे. वस्तू स्टॉकमध्ये नसेल तर स्थानिक खरेदीतून आणायची. नातेवाईकाने नाइलाजाने आणलीच असेल तर बिल घेऊन अधीक्षकांसमोर ठेवा आणि पैसे परत करायचं बघा. यावरून पेशंटने १५५३८८ वर तक्रार केली तर ती बरोबर असते, तिच्यावर चिडायचं कारण नाही. उलट हा नंबर वॉर्डात मोठ्या अक्षरात लावलेला असू द्या.

मेडिक्लेमचं आता थोडक्यात. सरकारी दवाखान्यातल्या भरतीवर खासगी पॉलिसीचा क्लेम करता येतो, पण आपल्याकडे कॅशलेसची व्यवस्था बहुधा नसते, त्यामुळे पेशंट नंतर रिइम्बर्समेंट, म्हणजे खर्चाची भरपाई, मागतो. खर्च झालेला असेल, म्हणजे बाहेरची तपासणी किंवा औषधं, तरच बिल मागता येतं. खर्च झालाच नसेल तरी काही पॉलिसींमध्ये भरतीच्या प्रत्येक दिवसाचा ठरलेला भत्ता असतो, आणि गरीब घरात तो खूप उपयोगी पडतो, म्हणून पेशंटला पॉलिसी नीट वाचायला सांगा. त्याला तुमच्याकडून लागतं ते असं: भरतीची आणि डिस्चार्जची तारीख आणि वेळ दोन्ही असलेलं डिस्चार्ज कार्ड, कारण चोवीस तासांचा हिशोब त्यावरून होतो, इनडोअर पेपरच्या (भरतीत असतानाच्या नोंदींच्या) साक्षांकित प्रती, रिपोर्ट, आणि क्लेम फॉर्मचा भाग 'बी'. भाग 'ए' पेशंट भरतो, भाग 'बी' हॉस्पिटलने भरून सही-शिक्का द्यायचा असतो, आणि आपल्याकडे तो 'आमच्याकडे असलं काही नसतं' म्हणून परत केला जातो, हे चूक आहे. कंपनीवाले कधीकधी नर्सिंग होम रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट मागतात. १९४९ चा तो कायदा खासगी नर्सिंग होमसाठी आहे, सरकारी रुग्णालयाकडे ते सर्टिफिकेट नसतंच. लेटरहेडवर एक पत्र तयार ठेवा: हे शासकीय रुग्णालय आहे, खाटा इतक्या, ओटी आहे, डॉक्टर आणि नर्सिंग स्टाफ चोवीस तास असतो. विमा नियामकाच्या व्याख्येत हॉस्पिटलला खाटा लागतात त्या १० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात १० आणि इतर ठिकाणी १५, तुमच्याकडे शंभर आहेत, त्यामुळे या पत्राने सहसा काम होतं. मूळ कागद द्यायचे नाहीत, मेडिको-लीगल असतील तर अजिबात नाहीत, पण प्रती द्यायला टाळाटाळ करू नका, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत मागणी झाल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायला सांगितलंय. एकाच खर्चासाठी योजनेतूनही आणि पॉलिसीतूनही पैसे घेता येत नाहीत, हे मात्र पेशंटला आधीच सांगा.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या महिन्यात एवढंच केलं असतं: चालू यादीतून आपले उपचार काढून टेबलांवर लावणं, आरोग्यमित्राची सकाळची वॉर्ड फेरी, ओटीत स्टिकर आणि एक्स-रेवर तारीख, आणि क्वेरीचं रजिस्टर. ऑपरेटरची मागणी त्यानंतर करा, कारण तेव्हा 'चढवायचं राहिलं' या रकान्यात किती नोंदी आहेत हे दाखवता येईल आणि अधीक्षकांनाही नाही म्हणता येणार नाही. महिन्याचं रजिस्टर झालं की पेशंटची नावं आणि नंबर काढून टाकून फक्त कारणं आणि वॉर्ड मला पाठवा, त्यावरून तुमच्याकडे नेमकं कुठे अडतंय ते बघू.